समुद्रकाठची चित्रमंदिरे आणि पिटातला प्रेक्षक

गेल्या वर्षी नवव्या इयत्तेच्या वर्गावर एक जुनी विनोदी कथा शिकवीत असता तीत 'पिटातला प्रेक्षक' हा शब्दप्रयोग आला. वर्गातील एका मुलाने हात वर केला आणि विचारले, "सर, पिट म्हणजे काय?" मी उत्तर देण्यास आरंभ केला. पडद्याच्या अगदी पुढची, सर्वांत स्वस्त तिकिटाची जागा म्हणजे पिट, असे सांगितले. तेवढ्याने त्याचे समाधान होईना. पडद्याच्या पुढे बसल्यास मान दुखते, मग तेथे लोक बसत तरी कशाला? त्यांना तेथे बसू कोण देत असे? मागच्यांहून त्यांचे तिकीट निराळे कसे? मुलाची चूक नव्हती. त्याने आयुष्यात जी चित्रगृहे पाहिली ती सारी खरेदीच्या संकुलांत चौथ्या मजल्यावर असणारी. तेथे पिट नसतोच. शेवटी मागच्या बाकावरून कानडी घरातला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, गांधी क्लास!" हुबळी-धारवाडकडे पडद्यापुढच्या स्वस्त जागेला हेच नाव होते. तिसऱ्या वर्गाने प्रवास करणाऱ्या महात्माजींवरून ते बहुधा पडले असावे. त्या मुलाला हा शब्द त्याच्या आजोबांनी दिला होता.

तास संपला, प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही. जुन्या चित्रगृहांच्या आठवणी हल्ली पुष्कळ लिहिल्या जातात. त्यांत मुंबईच्या समुद्रकाठच्या भव्य चित्रमंदिरांचा मान पहिला. त्यांचे संगमरवरी जिने, त्यांची झुंबरे, त्यांच्या दर्शनी भागावरील रात्रीची दिव्यांची आरास ही सारी वर्णने वाचताना मलाही आनंद होतो. तथापि या वैभवाच्या आठवणीत पिट कोठेच दिसत नाही. पाषाण आठवतो, माणूस विसरतो. या विस्मरणाची थोडीशी भरपाई व्हावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

धारवाडच्या माणसाने मुंबईच्या समुद्रकाठाविषयी का लिहावे, अशी शंका कोणास येईल. तिचे उत्तर सोपे आहे. १ नोव्हेंबर १९५६ या दिवशी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता. आमच्या आजोबांची राजधानी मुंबई, त्यांचे उच्च न्यायालय मुंबई आणि त्यांचे विद्यापीठही मुंबईच. धारवाडला कर्नाटक कॉलेज १९१७ साली निघाले खरे, परंतु पदवीवर मोहोर उठे ती मुंबईची. कर्नाटक विद्यापीठ स्थापन झाले ते १९४९ साली. म्हणून त्या पिढीतील धारवाडी पदवीधर आयुष्यात एकदा तरी मुंबईस जाऊन समुद्र पाहून येई. कारवारचा समुद्र त्याच्या अधिक जवळ होता. पण कारवारच्या समुद्रावर पदवी मिळत नसे.

मुंबईच्या किनाऱ्याशी चित्रपटाचे नाते पहिल्या दिवसापासूनचे आहे. चित्रपट आपल्या देशात आला तोच मुळी बोटीने. ल्यूमिएर बंधूंचा प्रतिनिधी मारियुस सेस्तिए हा ऑस्ट्रेलियाकडे निघाला असता वाटेत मुंबईस उतरला आणि ७ जुलै १८९६ रोजी त्याने वॉटसन हॉटेलात सहा लघुचित्रे दाखविली. प्रवेशमूल्य एक रुपया होते. त्या काळी एक रुपया ही सामान्य माणसाच्या दृष्टीने चैनीची रक्कम होती, तेव्हा पहिल्या खेळाला कोणत्या वर्गाचे लोक बसले असतील हे सांगावयास नको. परंतु पुढची घटना अधिक महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. आठवड्याभराने हे खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात होऊ लागले, आणि लौकरच तेथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत निरनिराळे दर लावण्यात आले. पडद्यातील स्त्रियांसाठीही वेगळी सोय झाली. एका रुपयाचे चार आणे झाले त्या दिवशी आपल्याकडे पिट जन्मास आला. चित्रपटाची कला फ्रान्सातून आली असेल. तिचा आपल्याकडील प्रेक्षक मात्र या चार आण्यांनी घडविला, असे म्हणावयास हरकत नाही.

वॉटसन हॉटेलातील ते खेळ पाहणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे एक मराठी छायाचित्रकार होते. त्यांनी परदेशाहून कॅमेरा मागविला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमधील एका कुस्तीचे चित्रण केले. केंब्रिज येथे सीनियर रँग्लर होण्याचा बहुमान मिळविलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०१ साली स्वदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचेही चित्रण सावेदादांनी केले. एक मराठी माणूस विद्या घेऊन समुद्रापलीकडून येतो आणि दुसरा मराठी माणूस समुद्रापलीकडून मागविलेल्या यंत्राने तो क्षण टिपून ठेवतो, हे दृश्य मला फार अर्थपूर्ण वाटते.

पुढे दादासाहेब फाळके यांनी गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला आणि त्यांच्या मनात रामकृष्णांची चरित्रे पडद्यावर आणण्याचा ध्यास उत्पन्न झाला. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्याच कॉरोनेशन चित्रगृहात लागला. गिरगाव म्हणजे चौपाटीच्या पाठीस पाठ लावून बसलेली वस्ती. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी लागला तो गिरगावातील मॅजेस्टिकमध्ये, आणि प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट १९३२ साली लागला तोही मॅजेस्टिकमध्येच. चाळींच्या दाटीत उभी असलेली ही चित्रगृहे समुद्रापासून काही मिनिटांच्या अंतरावर होती, पण त्यांतील एकातूनही समुद्र दिसत नसे. समुद्राकडे तोंड करून राहण्याचे भाग्य निराळ्या मंडळींचे होते.

त्या मंडळींसाठी बांधलेले पहिले मोठे मंदिर म्हणजे चर्नी रोडजवळचे रॉयल ऑपेरा हाऊस. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहा मुंबईस आले त्या सुमारास त्याचा प्रारंभ झाला. युरोपीय धाटणीची कोरीव कमान, सोनेरी मुलामा आणि श्रीमंत कुटुंबांसाठी राखलेले बॉक्स असा त्याचा थाट होता. मुळात ते गायन-नाट्यासाठी बांधलेले. पुढे तेथे चित्रपट दाखविले जाऊ लागले. पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्सची नाटकेही तेथे होत असत.

परंतु समुद्रकाठच्या चित्रमंदिरांचे खरे युग म्हणजे १९३० ते १९४० हे दशक. ते समजण्यासाठी आधी समुद्र हटविण्याची कथा ध्यानात घ्यावयास हवी. बॅकबे भरून काढून नवी जमीन निर्माण करण्याची प्रचंड योजना गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत हाती घेण्यात आली. योजनेचे आठ विभाग होते. त्यांपैकी त्या वेळी चारच पुरे झाले आणि खर्च मात्र अंदाजाबाहेर गेला. या उधळपट्टीवर खुर्शेद नरीमन यांनी कोरडे ओढले, त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला, आणि १९२८ साली ते त्यातून निर्दोष सुटले. अशा रीतीने लोकांच्या पैशाने आणि पुष्कळशा वादंगाने समुद्रातून वर आलेल्या जमिनीवर ओव्हल मैदानाच्या पश्चिमेस आणि मरीन ड्राइव्हवर नव्या पद्धतीच्या इमारती उठल्या. गोलाई घेतलेले कोपरे, सरळ आडव्या रेषा, जहाजासारखे कठडे असे त्यांचे रूप होते. या शैलीस आर्ट डेको म्हणतात. जुन्या मुंबईने शिखरे आणि कमानी बांधल्या होत्या; नव्या मुंबईने जणू किनाऱ्याला लागलेल्या आगबोटी बांधल्या.

त्याच वळणाचे पहिले चित्रमंदिर म्हणजे गेटवे ऑफ इंडियापासून चार पावलांवर असलेले रीगल. ते १९३३ साली लॉरेल आणि हार्डी या जोडीच्या विनोदी चित्रपटाने उघडले. त्याचे वास्तुशिल्पी चार्ल्स स्टीव्हन्स हे व्हिक्टोरिया टर्मिनसची (आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची) आखणी करणाऱ्या फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचे चिरंजीव. बापाने आगगाडीसाठी मंदिर बांधले, मुलाने चित्रपटासाठी. एका घराण्याच्या दोन पिढ्यांत शहराची दोन दैवते बदलली. रीगलमध्ये वातानुकूलित हवा होती आणि मोटारी उभ्या करण्यासाठी तळघर होते. त्या काळी मोटार असणे हीच नवलाई, मग तिच्यासाठी तळघर बांधणे म्हणजे केवढी!

१९३८ साल उजाडले आणि एकाच वर्षात दोन मंदिरे उघडली. फेब्रुवारीत चर्चगेटसमोर सोहराबजी भेदवार यांनी आखलेले इरॉस उघडले आणि जूनमध्ये धोबीतलावावर मेट्रो. मेट्रो समुद्राच्या अगदी काठावर नसले तरी फार दूरही नव्हते, आणि ते मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकन कंपनीने स्वतःच्या चित्रपटांसाठीच बांधले होते. इरॉसच्या कोपऱ्यावरचा तो पायरी-पायरीने चढत गेलेला मनोरा, तांबडा दगड आणि पिवळसर रंग आजही जाणाऱ्या-येणाऱ्याचे डोळे वेधून घेतो. स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, मरीन लाइन्सजवळ लिबर्टी उघडले ते मेहबूब यांच्या 'अंदाज'ने. नाव स्वातंत्र्याचे आणि पडदा हिंदी चित्रपटांचा. इंग्रजी चित्रपटांना जो थाट मिळतो तो हिंदीलाही मिळावा, हा त्यामागील अभिमान होता.

ही यादी पाहिल्यावर मराठी वाचकाच्या मनात जो प्रश्न उभा राहील तो मीच विचारतो. रीगल, इरॉस आणि मेट्रो इंग्रजीसाठी, लिबर्टी हिंदीसाठी. मग मराठीसाठी काय? ज्या भाषेच्या माणसाने या देशात पहिला कॅमेरा फिरविणाऱ्यांत स्थान मिळविले, ज्या भाषेच्या माणसाने पहिला पूर्ण लांबीचा कथापट काढला, तिच्यासाठी समुद्रकाठी एकही मंदिर उभे राहिले नाही. मराठा मंदिर या संस्थेने १९५८ साली मुंबई सेंट्रलजवळ भव्य चित्रगृह उभारले हे खरे. परंतु तेही गाजले ते १९६० च्या 'मुघल-ए-आझम'ने आणि १९९५ पासून पंचवीसहून अधिक वर्षे तेथे चाललेल्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या हिंदी चित्रपटाने. यात कोणाचा दोष काढावयाचा नाही. चित्रगृह हा धंदा आहे, आणि धंदा गर्दीच्या वाटेने जातो. मराठीची गर्दी गिरगावात, दादरला, लालबाग-परळला होती, आणि ती पुढच्या रांगांतली गर्दी होती.

येथे मला माझ्या आजोबांची एक हकीकत सांगितली पाहिजे. आजोबा १९३७ साली बी. ए. झाले आणि पदवीदान समारंभासाठी ऐन पावसाळ्यात मुंबईस गेले. भाड्याचा झगा अंगावर चढवून विद्यापीठाच्या सभागृहात पदवी घेतली आणि बाहेर येऊन ओव्हल मैदानाच्या कडेने समुद्राकडे निघाले. मैदानापलीकडे एका मोठ्या इमारतीस बांबूच्या परांच्या बांधलेल्या होत्या. हे काय होणार, असे त्यांनी एका पारशी गृहस्थास विचारता "थिएटर" असे उत्तर मिळाले. ते इरॉस होते. संध्याकाळी ते रीगलपर्यंत गेले. दिवे पाहिले, मोटारी पाहिल्या, चित्रे पाहिली. परतीच्या भाड्याखेरीज खिशात जे काही उरले होते त्यात एकच चित्रपट बसत होता. आत जावे की न जावे, असा विचार करीत ते बराच वेळ उभे राहिले. "कोणी अडविले नाही," असे ते आवर्जून सांगत. "माझ्याच पायांनी मला अडविले." मग ते ट्रामने गिरगावात गेले आणि सेंट्रल चित्रगृहात सर्वांत पुढचे, सर्वांत स्वस्त तिकीट काढून प्रभातचा 'संत तुकाराम' पाहिला.

दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट डिसेंबर १९३६ मध्ये तेथे लागला होता आणि तो वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ सालीच व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आजोबांच्या शेजारी एक गिरणी कामगार बसला होता. पडद्यावर विष्णुपंत पागनीस गाऊ लागले की तोही हळू आवाजात त्यांच्याबरोबर गाई. त्याने तो चित्रपट कितव्यांदा तरी पाहिला होता. मध्यंतरात बोलणे निघाले तेव्हा त्याने सांगितले की, आपणास अक्षर येत नाही. आजोबा म्हणत, "तुकोबांवर मी परीक्षेत दोन प्रश्न सोडविले होते, आणि या माणसाला निम्मी गाथा पाठ होती. पदवीचा कागद माझ्या पिशवीत भिजू नये म्हणून मी जपत होतो. त्याला भिजण्यासारखे काही नव्हतेच." तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या जातात त्या प्रसंगी हे वाक्य त्यांच्या मनात आले असावे, असा माझा तर्क आहे.

या हकीकतीस एक शेपूट आहे आणि ते साहित्याच्या अभ्यासकांस रुचेल. चित्रपटातील बीज आणि वृक्ष यांच्या दृष्टांताचे एक पद आजोबांच्या मनात फार घोळत राहिले. धारवाडला परतल्यावर त्यांनी ते गाथेत शोधले. सारी गाथा चाळली, सापडेना. आपलीच प्रत अपुरी असावी असे समजून दुसरी मागविली. ते पद तुकोबांचे नव्हेच, शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचलेले आहे, हे त्यांना पुष्कळ वर्षांनी कळले. त्यांच्याप्रमाणे फसलेले विद्वान इतरही होते, ही गोष्ट आता सर्वश्रुत आहे. मला यात दिसते ते एवढेच की, त्या सायंकाळी पिटात बसलेले अक्षरशून्य कामगार आणि नवे पदवीधर एकाच पदाने सारखेच फसले आणि सारखेच तृप्त झाले.

आता समुद्रकाठ सोडून थोडा वेळ हुबळीस यावयाचे आहे, कारण त्या चित्रपटाचा एक धागा आमच्या गावापर्यंत येतो. सदर्न मराठा रेल्वेने १८८५ साली हुबळीस कारखाना काढला, तेव्हापासून कोल्हापूर-बेळगावकडील कितीतरी मराठी कुटुंबे कामासाठी हुबळीस येऊन राहिली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कोल्हापूरचा एक तरुण असाच आला. दिवसा रेल्वेच्या कारखान्यात काम करी आणि रात्री डेक्कन सिनेमा नावाच्या पत्र्याच्या चित्रगृहात दारावर उभा राही. या पोऱ्याचे नाव शांताराम वणकुद्रे. मूकपटांचा तो काळ. पत्र्याखाली उकाडा, पुढे जमिनीवर आणि बाकांवर प्रेक्षक, आणि पडद्यावरची अक्षरे ज्यांना वाचता येत नसत त्यांच्यासाठी कोणी ती मोठ्याने वाचून दाखवी, असे त्या काळच्या चित्रगृहांचे सर्वसाधारण रूप होते. दारावर उभ्या राहिलेल्या या तरुणाने तेथे चित्रपट पाहिले आणि प्रेक्षकही पाहिला. पुढे तो बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत गेला, १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन करणाऱ्यांत तो एक होता, आणि जगाने त्यास व्ही. शांताराम या नावाने ओळखले. आजोबांनी सेंट्रलमध्ये जो चित्रपट पाहिला तो याच प्रभातचा. हुबळीच्या पत्र्याच्या शेडपासून गिरगावपर्यंतचा हा प्रवास रीगल आणि इरॉसच्या दारावरून गेला नाही, तरी मराठी चित्रपटाच्या इतिहासात तो राजमार्ग होय.

तरीही समुद्रकाठच्या त्या मंदिरांवर मी अन्याय करू इच्छीत नाही. १९८१ च्या उन्हाळ्याच्या सुटीत मी बारा वर्षांचा असता ठाकूरद्वारला मामाकडे गेलो होतो. हुबळीहून मीटरगेजच्या गाडीने मिरज आणि मिरजेस गाडी बदलून मुंबई असा तो प्रवास होता. एका दुपारी मामाने मला इरॉसला नेले. बाहेर वैशाखाचे ऊन आणि आत पाऊल टाकताच अंगावर शहारे आणणारा गारवा. जिन्याचा कठडा मी हाताने चाचपून पाहिला. मामाची ऐपत पुढच्या रांगेचीच, तेव्हा आम्ही पुढेच बसलो. इंग्रजी संवादातले मला अवाक्षर कळले नाही. मामा कानाशी लागून मराठीतून कथा सांगे, मागच्या रांगेतून कोणी "शूः" केले की थांबे, आणि पुन्हा सांगू लागे. मागे वळून पाहिले तेव्हा डोक्यावर बाल्कनीची ती विशाल गोलाई दिसली. शेकडो माणसे अंधारात एकाच उजेडाकडे पाहत होती. त्या इतक्या माणसांत मी सर्वांत पुढे बसलो आहे याचा मला त्या वेळी केवढा अभिमान वाटला! ती सर्वांत हलकी जागा आहे हे मला ठाऊक नव्हते. खेळ सुटल्यावर आम्ही मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून भेळ खाल्ली, आणि मामाने समुद्राकडे बोट दाखवून सांगितले की, आपण मघाशी जेथे बसलो होतो तेथवर एके काळी तो असे.

म्हणजे राजमंदिरातही पिट होता. विषमता होतीच, ती मी झाकीत नाही. वरचे लोक वर, खालचे लोक खाली, दारे निराळी, जिने निराळे. पण छप्पर एक होते, पडदा एक होता आणि हसणे एकाच क्षणी होत असे. आजच्या बहुपडदा चित्रगृहात खुर्च्या सगळ्यांना मऊ आहेत हे खरे. मात्र ज्याला ती खुर्ची परवडत नाही तो दाराच्या आतच येत नाही. विषमतेची रेघ पूर्वी सभागृहाच्या मध्यातून जाई; आज ती दाराबाहेरून जाते, म्हणून आतल्यांस ती दिसत नाही.

हा बदल एका दिवसात झाला नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, पुढे व्हिडिओ आला, जमिनीला सोन्याचे भाव आले, करमणूक कराचा बोजा होता, आणि हजार-बाराशे खुर्च्यांचे सभागृह दिवसेंदिवस रिकामे राहू लागले. गिरगावचे मॅजेस्टिक पाडले गेले आणि त्या जागी त्याच नावाचे दुकानांचे संकुल उभे राहिले. कॉरोनेशनचा मागमूस उरला नाही. मेट्रोचे २००६ साली अनेक पडद्यांत विभाजन झाले. ऑपेरा हाऊस १९९३ साली बंद पडले, परंतु गोंडलच्या राजघराण्याकडे असलेली ती वास्तू जीर्णोद्धार होऊन २०१६ साली पुन्हा उघडली. ओव्हलभोवतालच्या इमारतींना २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला. इरॉस २०१७ मध्ये बंद झाले होते. तेही २०२४ साली नव्या तंत्राच्या पडद्यासह उघडले. मनोरा तोच आहे. आतील खुर्च्या मात्र पूर्वीपेक्षा पुष्कळच कमी आहेत.

पाषाण वाचला याचा आनंद मानावयासच हवा. परंतु एक गोष्ट लक्षात येते. ज्या वास्तू वाचल्या त्या समुद्रकाठच्या. ज्या गेल्या त्या चाळींतल्या आणि पत्र्याच्या. सुंदर दगडाला वारस मिळतो, पत्र्याला मिळत नाही. 'राजा हरिश्चंद्र' ज्या भिंतींत प्रथम दिसला त्या भिंती नाहीत, पहिला मराठी बोलपट जेथे बोलला ती जागा नाही, आणि शांतारामबापू ज्या दारावर उभे राहिले ते दारही आज हुबळीस कोणी दाखवू शकत नाही. मराठी चित्रपटाची जन्मस्थाने अशी एकामागून एक पुसली गेली. आता त्यांचे उरले आहे ते केवळ माणसांच्या स्मरणात आणि भाषेत. पिट, डोअरकीपर, गांधी क्लास, खेळ सुटणे हे शब्दच आता त्या वास्तूंचे अवशेष आहेत. सीमाभागातील आम्हा मराठी माणसांस तर याची जाणीव अधिक असावी. आमच्या घरांत मराठी टिकली ती शाळेइतकीच या पत्र्याच्या छपरांखाली.

म्हणून माझी साहित्यसेवकांस एवढीच विनंती आहे की, हुबळी-धारवाडच्या जुन्या चित्रगृहांत तिकिटे फाडणारे, यंत्र चालविणारे, भिंतींवर चित्रपटांची चित्रे रंगविणारे जे कोणी वृद्ध अजून हयात आहेत, त्यांच्या आठवणी कानडी असोत वा मराठी, त्या लिहून घ्याव्यात. हे काम विद्वानांचेच आहे असे नाही, शाळेतील मुलेही करू शकतात. आमच्या नवव्या इयत्तेने आरंभ केला आहे. ज्याने 'पिट म्हणजे काय' असे विचारले तो मुलगा आणि ज्याने 'गांधी क्लास' असे उत्तर दिले तो मुलगा, असे दोघे मिळून दर रविवारी त्या कानडी आजोबांकडे जातात. एक विचारतो, दुसरा भाषांतर करतो. वही निम्मी भरली आहे. पहिल्या पानावर त्यांनी आजोबांना विचारलेला पहिला प्रश्न लिहिला आहे: पुढे बसल्यावर मान दुखत असे काय? आणि खाली उत्तर आहे: दुखत असे, पण घरी गेल्यावर.